१ जून १९८१ : जपानमधील जुन्या फ्लॅटची जन्मतारीख

#थ्रेड

टोकियो, ओसाका किंवा कोबे येथे जुना फ्लॅट घेऊ पाहणारा माणूस मजला पाहतो, रेल्वे स्थानकाचे अंतर पाहतो. पण जाणकार ग्राहक आधी एक तारीख विचारतो : १ जून १९८१. इमारतीच्या आराखड्यास मंजुरी त्या दिवसाआधीची की नंतरची?

येथे बांधकाम पूर्ण झाल्याचे वर्ष फसवे ठरते. १९८२ मध्ये उभी राहिलेली इमारतही जुन्या नियमांची असू शकते, कारण मोजली जाते ती मंजुरी.

या तारखेचे मूळ १२ जून १९७८ रोजी मियागी किनाऱ्याजवळ झालेल्या ७.४ तीव्रतेच्या भूकंपात आहे. त्यात २८ जण दगावले. १९५० च्या बांधकाम कायद्याखालील निकषांचा फेरविचार त्यामुळे निकडीचा झाला. जुन्या निकषांची भिस्त मध्यम धक्क्यांवर होती. नव्यांनी अपेक्षा बदलली : अतितीव्र धक्क्यात इमारतीला तडे गेले तरी चालतील, पण ती आतल्या माणसांवर कोसळता कामा नये.

हे झाले काँक्रीटचे. मालकीचा प्रश्न याहून अवघड होता.

१९२३ च्या कांतो भूकंपानंतर मदतनिधीतून स्थापन झालेल्या दोजुनकाई संस्थेने काँक्रीटच्या चाळवजा इमारती उभारल्या, पण त्यांतली घरे भाड्याची होती. एकेक घर विकण्याची प्रथा युद्धानंतरची. १९५३ मध्ये टोकियो प्रशासनाने शिबुया भागात मियामासुझाका येथे अशी घरे विकली. १९५६ मध्ये योत्सुया कॉर्पोरास ही खासगी इमारत आली : पाच मजले, २८ घरे. गंमत अशी, की एका इमारतीचे अनेक मालक ही कल्पना तेव्हा नागरी संहितेच्या जेमतेम एका कलमावर तोललेली होती. स्वतंत्र कायदा १९६२ मध्ये झाला.

१९८३ च्या दुरुस्तीने घराचा मालक आपोआप व्यवस्थापन संघाचा सदस्य ठरू लागला आणि पाडून नव्याने बांधण्यासाठी चार-पंचमांश बहुमताची अट आली. कागदावर ही अट समंजस वाटते. तिची खरी परीक्षा कोबेत झाली.

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी आलेल्या भूकंपात ६,४३४ माणसे गेली. १९८१ पूर्वीच्या इमारतींचे नुकसान ठळकपणे अधिक होते. उरलेल्या इमारतींत शेजारी शेजाऱ्यांसमोर उभे ठाकले. कोणाला पाडून नवे हवे होते, कोणाला डागडुजी पुरेशी वाटे. काहींच्या डोक्यावर तर मोडलेल्या घराचे कर्ज होतेच, त्यात नव्याची भर. पुनर्बांधणीला तेव्हा ‘दुरुस्तीचा खर्च अवाजवी आहे’ असे सिद्ध करण्याचीही अट होती. ‘अवाजवी’ म्हणजे किती, यावर वर्षानुवर्षे खटले चालले. २००२ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. चार-पंचमांश मात्र राहिले.

बहुमत मिळाले तरी काम होतेच असे नाही. टोकियोतील नाकागिन कॅप्सूल टॉवर (१९७२) हे याचे बोलके उदाहरण. वास्तुविशारद किशो कुरोकावा यांची १४० कोठडीवजा घरे चार-चार बोल्टांनी दोन मनोऱ्यांना जोडलेली होती आणि दर २५ वर्षांनी ती बदलावीत असा बेत होता. पण प्रत्येक घराचा मालक निराळा, म्हणून ती एकदाही बदलली गेली नाहीत. २००७ मध्ये मालकांनी पुनर्बांधणीचा कौल दिला, तर पुढच्याच वर्षी ठेकेदार कंपनी बुडाली. अखेर २०२२ मध्ये इमारत उतरवली गेली. अभिजात वास्तू म्हणून जगभर गाजली, पण तिची वासलात लावायला सर्वांची एकत्र सही जमवताना पन्नास वर्षे सरली.

म्हणूनच आज जुने घर घेणारा शहाणा ग्राहक भिंतींचा रंग नंतर पाहतो. त्याआधी तो व्यवस्थापन संघाच्या बैठकांची इतिवृत्ते मागतो, दुरुस्तीचा दीर्घकालीन आराखडा मागतो आणि दुरुस्ती निधीत किती रक्कम शिल्लक आहे, कोणाची थकबाकी आहे, हे विचारतो. निधी आटलेला असेल तर स्वस्त फ्लॅटची उरलेली किंमत त्याला पुढे दरमहा मोजावी लागते.