टेस्ट कधी पास, कधी फेल का होते? थ्रेड सुरू होतानाची 'शर्यत' समजून घ्या

कोड तोच, मशीन तेच. टेस्ट अनेकदा पास होते आणि मधूनच एखाद्या वेळी फेल. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये असं होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे 'रेस कंडिशन'. टेस्ट पुढे निघून जाते, पण तिने सुरू केलेला थ्रेड अजून चालूच झालेला नसतो.

नेमकं काय घडतं?

लिनक्स कर्नलमध्ये 'केथ्रेड_रन' थ्रेड तयार करतं आणि त्याला जागं करतं. जागं करणं म्हणजे फक्त रांगेत उभं करणं. प्रोसेसरवर त्याचा नंबर कधी लागणार, हे शेड्युलर ठरवतो.

त्याआधीच टेस्टने 'केथ्रेड_स्टॉप' वापरलं, तर थ्रेडला दिलेलं फंक्शन एकदाही चालत नाही. काउंटर वाढला असेल असं टेस्ट गृहीत धरते, हाती शून्य येतं आणि ठपका मात्र चांगल्या कोडवर बसतो.

चूक कशी शोधतात?

- मुद्दाम उशीर: थ्रेडच्या फंक्शनच्या सुरुवातीलाच थोडी झोप घालतात. क्वचित फेल होणारी टेस्ट आता जवळजवळ दरवेळी फेल झाली, तर संशय खरा.
- एफट्रेस: मेसेज छापायला वेळ लागतो, त्यामुळे कधीकधी चूकच गायब होते. एफट्रेस मेमरीत नोंद करतं. थ्रेड कधी जागा झाला आणि त्याला प्रोसेसर कधी मिळाला, हे त्यात दिसतं.
- केसीसॅन: 2020 मध्ये लिनक्स 5.8 सोबत आलेलं हे साधन एकाच मेमरीवरची असुरक्षित झटापट पकडतं. पण मेमरीचा वापर सुरक्षित असेल आणि फक्त क्रम चुकला असेल, तर ते गप्प राहतं.

उपाय काय?

टेस्टमध्ये 'एक सेकंद थांब' लिहिणं हा उपाय नव्हे. मशीनवर ताण आला की तो सेकंदही अपुरा पडतो. योग्य मार्ग म्हणजे 'कम्प्लीशन'. थ्रेड सुरू झाला की तो स्वतः तसा इशारा देतो आणि टेस्ट त्या इशाऱ्याची वाट पाहते. इशारा आलाच नाही तर टेस्ट अडकून पडू नये, म्हणून वाट पाहण्याला मुदत घालतात.

याची काळजी का करायची?

उगाच फेल होणाऱ्या टेस्टकडे लोक हळूहळू दुर्लक्ष करू लागतात. 'लांडगा आला रे' या गोष्टीसारखंच. मग खरा लांडगा येतो, तेव्हाही कुणी मान वर करून पाहत नाही.