घरातील एसीसाठी विश्वासार्ह तंत्रज्ञ कसा निवडावा

वातानुकूलन यंत्र कितीही नामांकित कंपनीचे असले, तरी त्याची कार्यक्षमता आणि आयुष्य ते बसवणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. सदोष जोडणीमुळे वीजबिल वाढते, वायूगळती होते आणि प्रसंगी आगीचा धोकाही संभवतो. त्यामुळे यंत्र निवडताना घेतलेली काळजी तंत्रज्ञ निवडतानाही घेणे आवश्यक ठरते.

आधी पाहणी, मग दर

यंत्राची क्षमता टनात मोजतात. हा टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. 1 टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू, अर्थात सुमारे 3.5 किलोवॉट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. खोलीचे क्षेत्रफळ, छताची उंची, पश्चिमेकडील भिंत, वरचा मजला आणि माणसांची संख्या पाहूनच ती ठरते. खोली न पाहता दूरध्वनीवरूनच क्षमता आणि दर सांगणाऱ्यापासून सावध राहावे. उत्तर भारतात हिवाळ्यातही उपयोगी पडणारे ‘हॉट अँड कोल्ड’ यंत्र घ्यायचे असल्यास त्या प्रकारच्या कामाचा अनुभव विचारावा.

किमान दोन-तीन ठिकाणांहून लेखी दरपत्रक घ्यावे. तांब्याच्या नळीची लांबी, वायर, स्टँड, भिंतीला छिद्र पाडणे आणि मजुरी यांचे दर त्यात स्वतंत्रपणे नमूद असावेत. काही कंपन्यांच्या वॉरंटीसाठी अधिकृत तंत्रज्ञाकडूनच काम करून घेण्याची अट असते. ती आधी वाचावी.

विचारावेत असे प्रश्न

नळ्या जोडल्यानंतर त्यांतील हवा व बाष्प व्हॅक्यूम पंपाने काढणार का, हा पहिला प्रश्न. हवा आत राहिल्यास शीतकरण घटते आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. एसीसाठी स्वतंत्र सर्किट, योग्य क्षमतेचा एमसीबी, पुरेशा जाडीची वायर आणि अर्थिंग यांची तपासणी होणार का, हा दुसरा. उंचावर आउटडोअर युनिट बसवताना कामगार सुरक्षा पट्टा वापरतात का, हेही विचारावे.

‘गॅस संपला’ म्हटल्यास

शीतकारक वायू इंधनासारखा खर्च होत नाही; तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. म्हणून गळती शोधून ती बंद केल्याशिवाय वायू भरून घेऊ नये. गळती न काढता दर उन्हाळ्यात वायू भरून पैसे घेणाऱ्याला पुन्हा बोलावू नये.

यंत्रावरील पट्टीवर वायूचे नाव व वजन छापलेले असते. तोच वायू वजनकाट्यावर मोजून भरला जातो का, हे पाहावे. आर-22 हा वायू ओझोन थराला घातक असून भारतात त्याचा वापर टप्प्याटप्प्याने 2030 पर्यंत संपुष्टात आणला जात आहे. आर-32 सौम्य ज्वलनशील, तर आर-290 अतिज्वलनशील आहे. त्यामुळे असे वायू हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र मागण्यात संकोच करू नये. केंद्र सरकारच्या 2019 च्या भारत शीतकरण कृती आराखड्यातही तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणावर भर देण्यात आला आहे.

पावती आणि तक्रार

संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. काम संपल्यावर यंत्र काही वेळ चालवून थंडावा, आवाज आणि पाण्याचा निचरा तपासावा. बदललेले सुटे भाग परत मागावेत व हमीचा कालावधी नोंदवलेले पक्के बिल घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष सेवेविरुद्ध दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि ती स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातही दाखल करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. मात्र लेखी दरपत्रक आणि बिल हाती नसल्यास तक्रार सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून ही कागदपत्रे जपून ठेवावीत.