घन-अवस्था संश्लेषण, कार्बनी स्फटिकी जालकांचे

घन-अवस्था संश्लेषण, कार्बनी स्फटिकी जालकांचे : विद्रावक न वापरता किंवा अत्यल्प वापरून, घन पदार्थ एकत्र घोटून सच्छिद्र स्फटिकी कार्बनी द्रव्ये तयार करण्याची पर्यावरणस्नेही पद्धत.

अशा द्रव्यांपैकी सहसंयुजी कार्बनी जालके प्रथम २००५ मध्ये ओमार यागी यांच्या गटाने अमेरिकेत तयार केली. ती बनविण्याच्या रूढ पद्धतीत अभिक्रियाकारके कार्बनी विद्रावकांसह बंद नळीत सुमारे १२०° से. तापमानाला अनेकदा तीन दिवस ठेवावी लागतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ट्रायफॉर्मिलफ्लोरोग्लुसिनॉल हे आल्डिहाइड आणि डायअमाइने खलात घोटून, विद्रावकाविना, कोठी तापमानाला अशी जालके मिळविली. घोटताना मिश्रणाचा बदलत जाणारा रंग अभिक्रियेची प्रगती दाखवितो. आधी आल्डिहाइड व अमाइन यांच्यात व्युत्क्रमी शिफ-बेस अभिक्रिया होते. त्यानंतरच्या अव्युत्क्रमी ईनॉल-कीटो रूपांतराने जालक पाण्यात व अम्लात टिकाऊ बनते. या जालकांचे थर ग्रॅफीनसारखे सुटे होतात. मात्र त्यांची स्फटिकता व सच्छिद्रता रूढ पद्धतीने बनविलेल्या जालकांपेक्षा कमी असते.

ही उणीव याच गटाने २०१७ मध्ये मातीच्या विटा भाजण्यावरून सुचलेल्या पद्धतीने दूर केली. तीत डायअमाइन पॅरा-टोल्यूइनसल्फॉनिक अम्लासह घोटतात, आल्डिहाइड व थोडे पाणी मिसळून मिश्रण अल्पकाळ तापवितात आणि अम्ल पाण्याने धुऊन काढतात. काही जालकांचे पृष्ठफळ प्रतिग्रॅम ३,००० चौ. मी.पेक्षा अधिक आढळले.

विद्रावक, वेळ व ऊर्जा यांची बचत हा या पद्धतींचा मोठा लाभ आहे. वायुशोषण व पाण्यातील अपद्रव्ये वेगळी करणे यांसाठी ही द्रव्ये उपयुक्त आहेत.