देणगीची वही कोणाच्या हातात?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मुंबईच्या वस्त्यांत वह्यावाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडची कुटुंबे जिथे राहतात, त्या वस्त्यांतही. अशाच एका कार्यक्रमाला आम्ही मदतीला उभे होतो. सहावीतल्या एका मुलीने वह्या घेतल्या आणि ती जागेवर जायला वळली. संस्थेच्या माणसाने तिला परत बोलावले, कारण फोटो नीट आला नव्हता. तिने वह्या परत दिल्या आणि कॅमेऱ्याकडे बघत पुन्हा घेतल्या. परत येताना आमच्यातला एक तरुण म्हणाला, "असल्या संस्थांना आपण वर्गणी द्यायचीच कशाला?"

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर रागाच्या भरात देऊन चालणार नाही. बाबासाहेब स्वतः १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यामुळे मदत घेणे म्हणजे लाचारी, असे आंबेडकरी माणसाला म्हणता येत नाही. मदत कोणत्या समजुतीने दिली जाते आणि तिचा कारभार कोण पाहतो, हे विचारायला हवे.

आपले आजे-पणजे या किनाऱ्यावरून बोटीने मुंबईला गेले, तेव्हा सिंधुदुर्ग हा रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. गिरणीत काम मिळाले, पण जास्त पगाराच्या विणखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या स्पर्शाने तो बाटतो, असे सवर्ण कामगार मानत. म्हणजे कष्ट करूनही गरिबी सुटत नव्हती, कारण वरच्या कामाचे दार जातीने बंद केले होते. अशा कुटुंबाला वह्या आणि औषधे जरूर द्यावीत. पण ते दार कोण उघडणार?

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' स्थापन केले आणि परळला शाळा काढली. शिंदे यांच्या तळमळीबद्दल आम्हाला आदरच आहे. मात्र मिशनचे अध्यक्ष होते सर नारायण चंदावरकर, आणि कारभाराची सूत्रे मुख्यतः प्रार्थना समाजाच्या सुधारकांकडे होती.

पुढे २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे अध्यक्षही सवर्ण होते, सर चिमणलाल सेटलवाड. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब, सचिव सीताराम नामदेव शिवतरकर आणि खजिनदार निवृत्ती तुळशीराम जाधव. बाहेरच्यांची सहानुभूती आणि पैसा त्यांनी नाकारला नाही, पण पत्रव्यवहार आणि तिजोरी आपल्या माणसांकडे ठेवली. सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. त्याला सोलापूर नगरपालिकेचे अनुदान मिळत होते.

खरा वाद झाला १९३२ साली. पुणे करारानंतर 'हरिजन सेवक संघ' नावाने पुढे आलेली संस्था स्थापन झाली. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना, बाबासाहेबांनी बोटीवरून तिचे सचिव ठक्कर यांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा: दलितांच्या उद्धाराचे दोन मार्ग आहेत. एक समजतो की माणसाची दुर्दशा त्याच्या वैयक्तिक उणिवांमुळे होते, म्हणून तो व्यसनमुक्ती, व्यायाम, वाचनालये, शाळा यांवर भर देतो. दुसरा म्हणतो की परिस्थितीच माणसाला खाली दाबते, म्हणून तीच बदला. बाबासाहेबांनी दुसरा मार्ग बरोबर मानला. नागरी हक्क आणि रोजगारात समान संधी यांसाठी संस्थेने झटावे, अशी त्यांची मागणी होती. या पत्राची पोचही आली नाही, असे त्यांनी नंतर नोंदवले. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही, याला गांधीजींचे उत्तर होते की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे. प्रायश्चित्त त्यांचे, म्हणून वहीही त्यांचीच! गांधी-काँग्रेसवरील १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी या संघाला 'राजकीय धर्मादाय' म्हटले.

त्याच वर्षी, ८ जुलै १९४५ रोजी, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. पुढे १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाला मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले. नुकत्याच बौद्ध झालेल्या गरीब समाजाला ते घेणारा नव्हे, देणारा म्हणून उभे करत होते.

मग आज आपण काय करायचे? आमचे मत स्पष्ट आहे: वर्गणी द्यावी, पण विचारून द्यावी. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का? लेखापरीक्षणाचा अहवाल दाखवते का? ज्यांच्यासाठी काम चालते, त्या वस्तीतली माणसे तिच्या समितीवर आहेत का? आणि वह्या देणारी संस्था शाळेत शिक्षक का नाहीत हेही विचारते का?

हाच निकष आपल्या गावच्या मंडळांनाही लावला पाहिजे. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण आजही गोव्यात बांबोळीला न्यावा लागतो. गाडीखर्चाला वर्गणी काढणे हे आपले कर्तव्यच आहे. पण एवढ्या वर्षांत तो उपचार जिल्ह्यात का मिळत नाही, हे निवेदन घेऊन कितीदा आपण ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो? वर्गणी काढून आपण थांबलो, तर आपणही पहिल्याच मार्गावर आहोत.

त्या तरुणाला आम्ही सांगितले की वर्गणी बंद करू नकोस. पुढच्या जूनच्या आधी संस्थेला पत्र लिही की वाटपाच्या समितीत वस्तीतल्या दोन आया घ्या आणि मुलांचे फोटो काढू नका. पत्राचा मसुदा त्याने तयार केला आहे. संस्थेने नकार दिला, तर त्याची वर्गणी कुठे जावी, हेही त्याला कळेल.

जय भीम!