स्तनाचा कॅन्सर सुरुवातीलाच कळला तर : कुणाला सांगायचं, काय विचारायचं, मदत कुठे मिळते

बायोप्सीचा रिपोर्ट येतो, डॉक्टर सांगतात की कॅन्सर आहे, पण सुरुवातीचा आहे. घरच्यांना मात्र ‘कॅन्सर’च्या पुढचं काही ऐकूच येत नाही. आणि आमच्या बीबीसारख्या गावात त्याच रात्री एक गोष्ट पक्की ठरते : कुणाला कळू द्यायचं नाही. सुनेचा आजार माहेरी कळू नये, अम्मीचा आजार मुलीच्या रिश्त्यात आडवा येऊ नये. या लपवाछपवीत जो वेळ जातो, तोच सगळ्यात महाग पडतो.

‘सुरुवातीचा’ म्हणजे काय?

गाठ २ सेंटिमीटरपर्यंत असेल आणि काखेत पसरलेली नसेल तर साधारणपणे ती पहिली स्टेज. त्याहून थोडी मोठी गाठ, किंवा काखेतल्या मोजक्या गाठींपर्यंत पोहोचलेला आजार, ही दुसरी. आपल्या देशातल्या कॅन्सर नोंदणी केंद्रांच्या आकड्यांनुसार, आजार स्तनापुरताच असताना सापडला तर १०० पैकी सुमारे ८१ बायका ५ वर्षांनंतरही हयात असतात. आजार दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर हे प्रमाण १८ च्या आसपास येतं. बाई तीच, आजारही तोच, फरक पडतो तो वेळेचा.

याचा अर्थ उद्या सकाळीच ऑपरेशन करायचं असा नाही. नीट तपासण्या करायला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला दोन-तीन आठवडे हातात असतात. पण ‘रमजान होऊ दे’, ‘शादी उरकू दे’ म्हणत महिने घालवायचे नाहीत. दुआ करा, झाडा करा, पण डॉक्टरांची तारीख चुकवू नका. दवा करणं ही सुन्नतच आहे.

आधी कुणाला सांगायचं?

सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. चार माणसं पुरेत :

१. शौहर किंवा मोठा मुलगा, जो दवाखान्यात सोबत राहील.
२. थोडं लिहिता-वाचता येणारी भाची, मुलगी किंवा सून. फाइल तिच्या ताब्यात द्या. डॉक्टर बोलतील ते तिने वहीत लिहावं.
३. नणंद, जाऊ किंवा शेजारची आपा, जी केमोच्या दिवशी चूल आणि मुलं सांभाळेल.
४. जिच्याजवळ रडता येईल अशी एक बहीण किंवा मैत्रीण.

मुलांनाही खरं सांगा. अम्मीला आजार झालाय, इलाज चालू आहे, तो कुणाला लागत नाही, एका ताटात जेवलं तरी काही होत नाही. मुलांना घरातली कुजबूज कळते, आणि न सांगितलेल्या गोष्टीला ती जास्त घाबरतात. रिश्त्याच्या भीतीचं म्हणाल, तर १०० पैकी ५ ते १० केसमध्येच हा आजार आई-वडिलांकडून आलेल्या जीन्समुळे होतो. सिनेअभिनेत्री मुमताज यांना २००२ साली स्तनाचा कॅन्सर झाला. त्यांनी तो लपवला नाही, पूर्ण इलाज घेतला आणि पुढे वर्षानुवर्षं त्याबद्दल मोकळेपणाने बोलल्या.

डॉक्टरांना काय विचारायचं?

• पूर्ण स्तन काढावा लागेल, की फक्त गाठ काढून चालेल? गाठ काढून नंतर रेडिएशन घेतलं तरी योग्य रुग्णांत आयुष्य तितकंच मिळतं, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या २० वर्षांच्या पाहणीतून दिसलं आहे.
• ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या झाल्या का? कोणती औषधं लागू पडतील ते त्यावर ठरतं.
• केमो लागेल का, किती वेळा?
• ऑपरेशननंतर हाताचे व्यायाम कोण शिकवेल?
• रोजे ठेवता येतील का? आजारी माणसाला शरीअतने सवलत दिली आहे. औषधाची वेळ चुकवू नये.

सुई घातली की कॅन्सर पसरतो, ही भीती चुकीची आहे. पुरुष डॉक्टरांची लाज वाटत असेल तर लेडी डॉक्टर मागा किंवा तपासणीच्या वेळी नर्स आणि घरची बाई सोबत ठेवा. पण लाजेपायी तपासणी टाळू नका.

पैसा आणि प्रवास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन बसतं. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्रा’ला भेटा. टोल-फ्री नंबर १५५३८८. आपल्या भागातून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईत परळचं टाटा मेमोरियल (स्थापना १९४१) हे मुख्य पर्याय. इलाजासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

मुंबईत राहायचं असेल तर टाटातल्या समाजसेवा विभागात विचारा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांसाठी ओळखली जाते. ‘व्ही केअर’ ही संस्था कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या एका बाईंनीच सुरू केली, तिथे धीर द्यायला माणसं भेटतात. गरजू रुग्णाला जकातीतून मदत करता येते. मशिदीच्या जिम्मेदारांशी बोला, नाव गुप्त ठेवायला सांगा.

मन खचलं तर

रडू येणं, झोप न लागणं, चिडचिड होणं, हे ईमान कमी असल्याचं लक्षण नाही. सब्र म्हणजे मुकाट्याने सोसणंही नाही. दोन आठवड्यांहून जास्त असंच चाललं तर डॉक्टरांना सांगा, किंवा ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. भेटायला येणाऱ्यांनीही ‘अमकी याच आजाराने गेली’ असे किस्से सांगू नयेत. त्यापेक्षा डबा आणा, मुलांचा अभ्यास घ्या.

बाकीच्या बहिणींसाठी

टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये निकाल आला : ५० वर्षांवरच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी कोणतंही महागडं मशीन लागलं नाही. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या बायकांची अशी तपासणी मोफत होते. आशाताई फॉर्म घेऊन दारात आल्या की त्यांना परत पाठवू नका. आणि गाठ हाताला लागली तर त्याच आठवड्यात घरात सांगा, मग ती दुखत असो वा नसो.