वापरकर्ता-बदल आणि परिसरचले: युनिक्सच्या इतिहासातील एक प्रश्न

युनिक्स प्रणालीवर एक वापरकर्ता दुसऱ्याचे रूप घेतो तेव्हा पहिल्याच्या 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स'चे, म्हणजे येथे ज्यांना परिसरचले म्हटले आहे त्यांचे, काय होते, हा प्रश्न वरकरणी किरकोळ तांत्रिक तपशिलाचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर वारंवार बदलत गेले आहे, आणि या अस्थिरतेचे मूळ कालक्रमात आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'एसयू' ही आज्ञा नोव्हेंबर १९७१ मधील पहिल्या आवृत्तीच्या पुस्तिकेतच आढळते. परिसरचले मात्र १९७९ च्या सातव्या आवृत्तीत, बोर्न यांच्या शेलबरोबर आली. ओळख बदलण्याची सोय आधीची, परिसर नंतरचा; त्यामुळे दोहोंची सांगड मुळात घातली गेलीच नाही. वापरकर्त्याचा क्रमांक कर्नेल स्वतःच्या नोंदीत राखते. परिसर म्हणजे 'नाव आणि मूल्य' अशा अक्षरमालांचा एक गठ्ठा. त्याचा अर्थ न पाहता कर्नेल तो एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे पोचविते. क्रमांक बदलला म्हणून गठ्ठा बदलत नाही. तो बदलावयाचा की नाही, हे आज्ञा लिहिणाराच ठरवितो. एसयू परिसरास हात लावीत नाही, असे सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटले होते.

परस्परांस ओळखणाऱ्या संशोधकांच्या प्रयोगशाळेत हे खपून जाण्यासारखे होते. पुढे १९८० च्या दशकातील बर्कली आवृत्त्यांत एसयू 'होम' व 'शेल' ही दोन चले बदलू लागली. आजच्या लिनक्सवरील साधी एसयू आज्ञाही सामान्यतः एवढेच करते; नवा वापरकर्ता रूट नसेल तर 'यूजर' व 'लॉगनेम' यांचीही भर पडते. आज्ञेपुढे आडवी रेघ दिली, तर 'टर्म' वगळता जुना परिसर पुसला जाऊन नवा उभा राहतो. एका रेघेवर एवढे अवलंबून ठेवणे ही रचना आम्हांस तरी समर्थनीय वाटत नाही.

खरा धोका अन्यत्र होता. ज्याच्या योगे प्रोग्राम आपल्या मालकाच्या अधिकाराने चालतो, त्या 'सेटयूआयडी' कल्पनेचे पेटंट डेनिस रिची यांना, योगायोगाने, १९७९ मध्येच मिळाले. आता अधिकार एकाचा आणि परिसर दुसऱ्याचा, अशी स्थिती नित्याची झाली. समजा, असा एखादा प्रोग्राम शेलकरवी '/बिन/मेल' चालवितो. शब्द कोठे तोडावयाचे हे जुन्या शेलला सांगणाऱ्या 'आयएफएस' या चलात कोणी तिरपी रेघ घातली, की शेल 'बिन' हीच आज्ञा समजे. आणि 'पाथ'मध्ये स्वतःची निर्देशिका अग्रभागी ठेवून तेथे 'बिन' नावाचा प्रोग्राम ठेवणाऱ्याच्या हाती रूटचा अधिकार येई. मार्ग पूर्ण लिहिण्याची सावधगिरी येथे निरुपयोगी ठरते. नोव्हेंबर १९९५ मध्ये तर टेलनेट सेवेतील असाच दोष जाहीर झाला: दूरस्थ व्यक्ती लॉगिन होण्यापूर्वीच परिसरचले पाठवून लॉगिन प्रोग्रामकडून आपली लायब्ररी वापरवून घेऊ शके.

'सूडो' ही आज्ञा १९८० च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिली. वापरकर्त्याचा परिसर राखावा आणि घातक म्हणून माहीत असलेली चले तेवढी गाळावी, हे तिचे दीर्घकाळचे धोरण होते. परंतु घातक चलांची यादी कधी पुरी होत नसते. नवा शेल वा नवी भाषा आली की तिच्याबरोबर नवी चलेही येतात. २००७ च्या १.६.९ आवृत्तीने हे धोरण उलटविले: परिसर मुळातच नव्याने मांडावयाचा, आणि निवडक निर्धोक चलांनाच आत घ्यावयाचे. अर्थात् त्या बदलाने अनेक जुन्या स्क्रिप्टी अडल्या, आणि 'माझे चल कोठे गेले' ही तक्रार तेव्हापासून आजतागायत ऐकू येते.

जून २०२४ मधील सिस्टमडीच्या २५६ व्या आवृत्तीतील 'रन०' ही आज्ञा सेटयूआयडीवर विसंबत नाही. ती सेवाव्यवस्थापकास नवी प्रोसेस सुरू करावयास सांगते, आणि त्या प्रोसेसला मागणाऱ्याचा परिसर वारशाने मिळत नाही.