बंडखोर नायिका (मराठी कथा-कादंबरी)

कुटुंब, जात किंवा विवाहसंस्था यांनी आखलेली चाकोरी मोडून लोकनिंदा ओढवून घेणारी तरुण स्त्री-व्यक्तिरेखा. तिच्या कथेत कलंक आणि प्रणय जोडीने येतात. मात्र कलंक कशाला म्हणायचे, हे काळागणिक बदलत गेले.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. पुढच्याच वर्षी आलेल्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मधील यमुना वैधव्यानंतर धर्मांतर करून पुनर्विवाह करते. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’मधील बंड वरवर याहून साधे आहे. यमूला नवरा लिहायला-वाचायला शिकवतो, दोघे मुंबईत बिऱ्हाड करतात, मोकळेपणी बोलतात. एवढ्यावरच तिला नावे ठेवली जातात. लग्नाच्या नवऱ्यावरचे उघड प्रेम हाच येथे अपराध. तो वारल्यावर तिचे सक्तीने केशवपन होते.

ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर यांच्या ‘ब्राह्मणकन्या’त (१९३०) बट्टा जन्माचाच आहे. आजी रखेली होती म्हणून कालिंदीला मानाचे स्थळ मिळत नाही. ती घर सोडून शिवशरणाप्पा या व्यापाऱ्याजवळ लग्नाविना राहते. पुढे सारे ठाऊक असूनही रामराव तिच्याशी लग्न करतो. याच सुमारास ना. सी. फडके यांच्या प्रणयकथांतील सुशिक्षित तरुणीचे बंड बहुधा मनाजोगत्या जोडीदाराशी लग्न होऊन शमते.

‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या कथासंग्रहाने हा सुखान्त नाकारला. शिकलेल्या, कमावत्या अविवाहित मुलींची घुसमट त्यात उघडपणे मांडली होती. ‘हिंदोळ्यावर’मधील (१९३४) अचला नवऱ्यापासून दुरावल्यावर विरागबरोबर लग्नाशिवाय राहते आणि आई होण्याचा हक्क मागते. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला. त्यामुळे अचलेला रीतसर वाट नव्हती. या पुस्तकांवरून वादळ उठले आणि नायिकेवरचा ठपका लेखिकेवर आला. त्या लेखिका म्हणजे बाळूताई खरे, विवाहानंतरच्या मालतीबाई बेडेकर. गीता साने यांच्या कादंबऱ्यांनी हीच धार पुढे नेली.

गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’ (१९८०) आणि मेघना पेठे यांच्या ‘नातिचरामि’ (२००५) यांत लोकनिंदेचा धाक मागे पडतो. तेथे नायिका खुद्द प्रेमाची आणि सहजीवनाचीच झडती घेते.